भर दरबारात परत आलेली पत्रं

उज्जैनला जाणारा माणूस महाकालाला जातो. मी माधवनगरात जातो. महाकालालाही जातो, पण नंतर.

स्टेशनाच्या एका अंगाला जुनं उज्जैन, क्षिप्रेकडे उतरत गेलेलं, आणि दुसऱ्या अंगाला माधवनगर. गावात त्याला फ्रीगंज म्हणतात. रिक्षावाल्याला माधवनगर सांगितलं तरी तो 'मतलब फ्रीगंज' असं म्हणून खात्री करून घेतो. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे 1925 साली वारले, त्यांच्या नावाची ही वस्ती. मध्ये टॉवर चौक आणि सरळ आखलेले रस्ते. सकाळी पोहे-जिलबी मिळते. पोह्यांवर शेव घालतात, नारळ नाही. लहानपणी मला हे पाप वाटायचं. माझी धाकटी मावशी इथे दिली. फोंड्याची मुलगी थेट माळव्यात.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांब कशी काय दिली? तर शेणव्यांना उज्जैन परकं कधीच नव्हतं. महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात नव्यानं उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी हे आपल्या पेडण्याच्या केरीचे. शिंद्यांची दौलत तलवारीनं मराठ्यांनी वाढवली आणि लेखणीनं आपल्या माणसांनी, असं मावशीचे यजमान म्हणायचे. ते आमचे काका, शाळेत इतिहास शिकवायचे. लेखणीबरोबर आणखीही काही आलं असणार, पण ते आपण अभिमानानं सांगत नाही. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

1979 सालच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तिथे गेलो. वय अकरा. पणजीहून आगबोटीनं मुंबई, तिथून रेल्वे, नागद्याला गाडी बदलून उज्जैन. निघताना आजीनं मला देवघरात बोलावलं. हातावर दहाची नोट ठेवली आणि म्हणाली, "डोळे उकते दवर. कोण येता, कोण वता, सगळें पळय. आनी हांगा येवन माका सांग." तिला मावशीची काळजी वाटत होती. काळजीच, दुसरं काही नाही. पत्रात मावशी सगळं छान आहे म्हणून लिहायची आणि सगळं छान आहे असं लिहिणाऱ्या मुलीवर कुठल्या आईचा विश्वास बसतो?

मी दहाच्या नोटेला जागलो. एक छोटी वही केली. दूधवाला किती वाजता येतो इथपासून नोंदी. काकांची थोरली भावजय, म्हणजे मावशीची जाऊ, वरच्या मजल्यावर राहायची, ती किती वेळा खाली येते, हेही. आणि मग एका दुपारी पोस्टमननं टाकलेलं आंतरदेशीय पत्र. मुंबईचा शिक्का. अक्षर ओळखीचं. ही निळी पत्रं तुम्हाला आठवत असतील. न फोडताही दोन्ही बाजू चिमटीत धरून फुगवली की आतला मजकूर अर्धामुर्धा वाचता यायचा. मी वाचला. पत्र मामाचं होतं.

मामानं सासष्टीतल्या एका क्रिस्तांव मुलीशी लग्न केलं होतं आणि आमच्या घरात त्याचं नाव काढायची बंदी होती. मावशी मात्र त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवून होती. नुसता पत्रव्यवहार नव्हे, त्याची नोकरी गेली तेव्हा तिनं मनीऑर्डरीही पाठवल्या होत्या. हे सगळं वहीत गेलं.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात संध्याकाळी ओट्यावर काकांनी मला दौलतराव शिंद्यांची गोष्ट सांगितली.

गोष्ट 1817 सालची. दौलतरावांनी 1803 मध्ये इंग्रजांकडून मार खाल्ला, सुर्जी-अंजनगावचा तह केला, 1805 मध्ये पुन्हा तह झाला आणि कागदावर दोघे मित्र झाले. उज्जैनचा मुक्काम हलवून 1810 पासून दौलतराव ग्वाल्हेरला. मित्र म्हणून इंग्रजांचा रेसिडेंट त्यांच्या दरबारी. रेसिडेंट म्हणजे वकील, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. वकील खराच, पण त्याच्या पगारावर कारकून असत, कारकुनांच्या ओळखीचे निरोपे असत, वाटेवर डाकेकडे लक्ष ठेवणारे असत. तर दौलतरावांनी गुपचूप नेपाळ दरबाराला पत्रं धाडली. गुरखे नुकतेच इंग्रजांशी लढून हरलेले. आपण दोघे मिळून काही करू, असा एकूण रोख. पत्रं वाटेत पकडली गेली.

आता इंग्रजांनी काय करावं? निषेधाचा खलिता पाठवावा, जाब विचारावा? गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज. (हा दुसरा हेस्टिंग्ज, ज्याच्यावर पार्लमेंटात खटला चालला तो वॉरन वेगळा.) त्यानं ती पत्रं रेसिडेंटाकरवी भर दरबारात दौलतरावांच्या हाती परत दिली. तुमची पत्रं, घ्या. बस्स. सरदार बघताहेत, मानकरी बघताहेत आणि शिंदे सरकार स्वतःचीच पत्रं हातात घेऊन बसले आहेत. 5 नोव्हेंबर 1817 रोजी त्यांनी इंग्रजांनी पुढे केलेल्या ग्वाल्हेरच्या तहावर सही केली. त्याच दिवशी तिकडे खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली. शिंदे आले नाहीत. येणारच नव्हते.

गोष्ट संपवून काकांनी मला विचारलं, "काय रे गोवेकर, यात चूक कोणाची?"

मी लगेच म्हटलं, "शिंद्यांची. पत्र नीट लपवायला पाहिजे होतं."

काका खूप हसले. माझ्या खिशात वही होती.

मे महिना संपायच्या आत मी घरी परतलो आणि आजीला सगळं सांगितलं. पुढचं थोडक्यात सांगतो. आजीनं मावशीला पत्र लिहिलं, की यापुढे तुला माहेर नाही. आठ वर्षं मावशी गोव्याला आली नाही. 1987 साली आजी गेली तेव्हा उज्जैनला तार करू नये असं थोरल्यांनी ठरवलं. मावशीला दोन आठवड्यांनी पोस्टकार्डानं कळलं. हे असं झालं ते झालंच. पण बातमी कोणी फोडली, हा प्रश्न मावशीपुढे होताच. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिची जाऊ मंगेशीच्या दर्शनाला गोव्यात येऊन गेली होती आणि रिवाज म्हणून आजीलाही भेटली होती. मावशीनं हिशेब मांडला आणि उत्तर काढलं. आजीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं की नंतर, हे तिनं पुन्हा तपासलं नाही. रागात कोण तारखा बघतो? एका घरात, वरखाली राहून, दोघी जावा वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. मुलांच्या मुंजी झाल्या, लग्नं झाली. ताटं वर जायची आणि यायची, पण शब्द नाही.

मी अकरा वर्षांचा होतो, हे खरं. पण मी अकरा वर्षांचा राहिलो नाही. पंचविसाचा झालो, चाळिशीचा झालो, दर दोन-तीन वर्षांनी उज्जैनला जात राहिलो आणि गप्प राहिलो.

2013 च्या ऑक्टोबरात काकांचा फोन आला. निवृत्त होऊन त्यांना खूप वर्षं झाली होती, पण सकाळी दोन पेपर वाचून संपल्याशिवाय आंघोळ नाही, हा नियम तसाच. म्हणाले, "अरे, तुझा दौलतराव पेपरात परत आला बघ. या वेळी बाई आहे."

बाई म्हणजे जर्मनीच्या चान्सेलर आंगेला मेर्केल. त्यांचा मोबाइल अमेरिकेची एनएसए ही संस्था ऐकत होती, अशी बातमी. दोन्ही देश नाटोत, दोघे मित्र. स्नोडेन नावाच्या तरुणानं त्या वर्षी जूनपासून कागद बाहेर काढायला सुरुवात केली होती, त्यातून वाढत गेलेलं हे प्रकरण. ब्राझीलच्या अध्यक्ष डिल्मा रूसेफ यांनी त्याआधी सप्टेंबरातच आपला वॉशिंग्टनचा दौरा रद्द केला होता. मेर्केलबाईंनी ओबामांना फोन केला. व्हाइट हाऊसनं खुलासा केला, की आम्ही चान्सेलरचं बोलणं ऐकत नाही आणि ऐकणार नाही. काकांनी व्याकरणाच्या मास्तरासारखं विचारलं, "वर्तमानकाळ आला, भविष्यकाळ आला. भूतकाळ कुठे गेला?"

भूतकाळाचा हिशेब शेवटपर्यंत लागला नाही. जानेवारी 2014 मध्ये ओबामांनी जाहीर केलं, की जवळच्या मित्रदेशांच्या प्रमुखांवर पाळत ठेवणार नाही, मात्र राष्ट्रीय सुरक्षेची तशीच निकड असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीच्या सरकारी वकिलांनी जून 2014 मध्ये चौकशी उघडली आणि जून 2015 मध्ये न्यायालयात टिकेल असा पुरावा नाही म्हणून बंद केली. खुर्ची कोणाचीच गेली नाही. स्नोडेनचा पासपोर्ट मात्र रद्द झाला. तो मॉस्कोत अडकला, आणि 2022 साली त्याला रशियाचं नागरिकत्व मिळालं. ज्यानं ऐकलं तो कामावर राहिला आणि ज्यानं सांगितलं तो देशोधडीला लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. जर्मन संसदेनं नेमलेली चौकशी समिती खणत गेली तेव्हा कळलं, की जर्मनीची स्वतःची बीएनडी हीदेखील मित्रदेशांची सरकारं आणि वकिलाती ऐकत होती. 2016 साली बीएनडीच्या प्रमुखाला मुदतीआधी घरी पाठवलं. फेब्रुवारी 2017 मध्ये मेर्केलबाई स्वतः समितीपुढे बसल्या आणि आपल्याला हे माहीत नव्हतं असं त्यांनी सांगितलं. 2021 मध्ये आणखी एक पदर उघडला. अमेरिकेनं हे ऐकण्यासाठी डेन्मार्कच्या गुप्तचर खात्याची मदत घेतली होती, अशी बातमी डॅनिश वाहिनीनं दिली. शेजारी शेजाऱ्याचं ऐकत होता, तिसऱ्याच्या सांगण्यावरून.

आपणही यातून सुटलो नव्हतो. 2010 साली अमेरिकेतल्या गुप्त न्यायालयानं मंजूर केलेल्या यादीत भारतीय जनता पक्षाचं नाव होतं, हे 2014 च्या जूनअखेरीस छापून आलं. तोवर तो पक्ष सत्तेवर आला होता. दिल्लीनं अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्याला बोलावून जाब विचारला. सप्टेंबरात पंतप्रधान अमेरिकेला जाऊन आले. असो.

मला या सगळ्यात एकच माणूस वेगळा आठवतो आणि तो आपल्याला ओळखीचा आहे. डॉ. पी. सी. अलेक्झांडर. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि काही काळ गोव्याचाही कार्यभार त्यांच्याकडे होता. जानेवारी 1985 मध्ये ते पंतप्रधानांचे प्रधान सचिव होते. कुमार नारायण नावाच्या एका व्यापारी प्रतिनिधीच्या हाताखाली सरकारी कार्यालयांतले स्वीय साहाय्यक आणि कारकून गुप्त कागदांच्या नकला बाहेर देत होते, हे तेव्हा उघडकीला आलं. गिऱ्हाइकांत फ्रान्ससारखं मित्रराष्ट्रही निघालं. फ्रान्सच्या राजदूताला भारत सोडावा लागला. अलेक्झांडर यांनी स्वतः एकही कागद दिला नव्हता. पण फितूर माणसांत त्यांच्या कार्यालयातला माणूस होता, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. 'मला माहीत नव्हतं' हे त्यांनाही म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. खटला मात्र सतरा वर्षं चालला आणि 2002 साली कनिष्ठ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या.

पुण्यातलं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. 1802 च्या वसईच्या तहानं दुसरे बाजीराव इंग्रजांचे दोस्त झाले. 1811 पासून पुण्याला रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. या दोस्ताच्या वाड्यात काय शिजतं, हे एल्फिन्स्टनला पैसे मोजून रोज कळत असे. ज्यांच्याकडून कळायचं आणि ज्यांनी त्याला साथ दिली, त्यांत बाळाजीपंत नातूंचं नाव मराठी माणसाच्या तोंडी शिवीसारखं बसलं आहे. बसू दे, मला त्याची वकिली करायची नाही. पण ज्यानं हेर नेमले, पैसे दिले, बातम्या वाचल्या, त्या एल्फिन्स्टनचं काय झालं? तो मुंबईचा गव्हर्नर झाला. जाताना आपल्याच लोकांनी वर्गणी काढली आणि त्यातून त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. त्याच्या नावाच्या कुटुंबातलं रेल्वे स्टेशन 2018 साली प्रभादेवी झालं. कॉलेज अजून आहे. तो माणूस विद्वान होता, शिक्षणासाठी त्यानं केलं, हे मला मान्य आहे. मला एवढंच दिसतं, की दोन शतकं जाब एकाला विचारला गेला आणि पुतळे दुसऱ्याचे झाले.

गोव्याच्या वाचकांनी इथे खुशीत येऊ नये. पोर्तुगीजांच्या वतीनं पुणे दरबारात जे वकील बसत, त्यांत आपली माणसं होती. नारायण विठ्ठल धुमे हे त्यांतलं मोठं नाव. 1779 च्या मैत्रीच्या तहाच्या वेळी ते पुण्यात होते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी 1952 साली पोर्तुगीजांच्या या हिंदू, मुसलमान, पारशी, यहुदी दूतांवर एक सबंध पुस्तक काढलं. वकील बातमी पाठवणारच, ते त्याचं कामच. मित्राच्या घरात बसून मित्राची खबर मालकाला कळवणं, या धंद्यात आपण नवखे नव्हतो.

मग करायचं काय? राजाला सगळं माहीत हवं, हेर हे राजाचे डोळे, हे आपल्याकडे कौटिल्यापासून मान्य आहे. आणि पकडलेल्या पत्रात काही ना काही सापडतंच. दौलतराव खरोखरच नेपाळशी कारस्थान करत होते. मावशी खरोखरच मामाला पैसे पाठवत होती. आजी म्हणाली होती, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हेरगिरीचं समर्थन नेहमी सापडलेल्या गोष्टीनं होतं. जिथे काही सापडलं नाही, ती पत्रं कोणी परत आणून देत नाही.

आणि हुकूम कधीच स्पष्ट नसतो. आजीनं मला 'पत्र वाच' असं कुठे सांगितलं होतं? 'डोळे उघडे ठेव' म्हणाली होती. उद्या कोणी विचारलं असतं तर तीही सांगू शकली असती, की मला माहीत नव्हतं. म्हणूनच मला वाटतं, की जबाबदारी हुकुमाच्या शब्दांवर ठरवू नये. बातमी कोणाच्या ताटात पडली आणि ती खाऊन कोण उठलं, यावर ठरवावी. मे 2020 मध्ये जर्मनीच्या घटनापीठानं निकाल दिला, की टपाल-दूरध्वनीच्या गुप्ततेचा हक्क परदेशातल्या परक्या माणसालाही आहे आणि बीएनडीला त्याप्रमाणे कायदा बदलावा लागेल. इतक्या वर्षांच्या गदारोळातून निघालेली मला पटलेली गोष्ट ही एकच. परका असो, मित्र असो, पत्र त्याचं आहे.

हे सगळं मी शहाणपणानं लिहितो आहे, पण गेल्या थंडीत माधवनगरला गेलो तेव्हा माझी जीभ उचलत नव्हती. काका आता नाहीत. मावशीची ऐंशी उलटली आहे. मामाही नाही. दुपारी ती उन्हात बसून मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि 1979 सालचं सगळं सांगितलं. वहीसुद्धा.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मटार सोलत राहिली. मला वाटलं होतं रडेल, किंवा 'तू तेव्हा लहान होतास बाबू' म्हणेल. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेलो होतो.

ती म्हणाली, "मला कशाला सांगून राहिलास आता? वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी वर गेले नाही. हे तू चार वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी जिना चढले असते."

यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

मग ती म्हणाली, "वर तिचा मुलगा आहे. त्याला जाऊन सांग. मी नाही सांगणार. तुझं तू सांग. त्याची बायको असेल, सुना असतील, सगळ्यांसमोर सांग."

मी जिना चढलो. चौदा पायऱ्या. खोलीत चार-पाच माणसं होती, टीव्ही चालू होता. मी उभ्यानंच सांगितलं. माझ्याच वयाचा तो, लहानपणी आम्ही टॉवरपाशी एकत्र कुल्फी खाल्लेली. त्यानं टीव्ही बंद केला. सगळं ऐकून घेतलं. 'जाऊ द्या' असं तो म्हणाला नाही आणि म्हणाला नाही हे बरं झालं. भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता. त्यानं विचारलं, "काकू खाली आहेत का?" मी हो म्हटलं. चपला न घालताच तो खाली गेला.

मी वरच थांबलो. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो असतो तर ऐकू आलं असतं. मी आत जाऊन बसलो.